फिंजान भरू नकोस

“फिंजान भरू नकोस, बिंती. तळ झाकेल एवढाच गहवा ओत. भरलेला फिंजान पाहुण्याला सांगतो, पी आणि ऊठ.”

मला बिंती, म्हणजे लेक म्हणणाऱ्या उम्म रशीदने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या दाभोळच्या घरात पाहुण्यापुढे अर्धा कप ठेवला असता, तर सासूबाईंनी मला चुलीपासून उठवलं असतं. बशीत सांडला तरी चालेल, पण चहा काठोकाठ हवा. आणि इथं ही कतरी बाई, चेहऱ्यावर बतूल्याचा काळा मुखवटा, डाव्या हातात कॉफीची पितळी किटली, म्हणजे दल्ला, मला सांगत होती की भरून दिलंस तर अपमान केलास.

“मग थांबायचं कधी?” मी विचारलं.

“तू थांबायचं नाही. तो थांबवील.” तिने तो बिनकानाचा चिमुकला कप दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवला. “असा हलवला की पुरे. तोवर थोडं थोडं ओतत राहायचं. हवा का म्हणून विचारायचं नाही. विचारलंस तर तो लाजेने नको म्हणेल.”

तिचे वडील मोती घेऊन मुंबईला जायचे. लहानपणी तीही दोन-तीन हिवाळे तिकडे राहिलेली, म्हणून तिला हिंदी यायचं. माझं हिंदी तिच्याहून कच्चं. तरी आमचं जमलं. १९७४ साली मी दोह्यात आले तेव्हा आम्ही तिच्याच अंगणातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आमचे हे, इब्राहीम, तेव्हा एका गोदामात हिशेबनीस होते. दिवसभर मी एकटी. फजरची नमाज झाली की यासीन वाचायची, मग तसबी घेऊन बसायची. सोमवारी आणि गुरुवारी रोजा. हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. उम्म रशीद भिंतीपलीकडून माझं पुटपुटणं ऐकायची. एक दिवस तिने मला हाक मारली आणि कॉफीच्या हिरव्या बिया घातलेला तवा माझ्यापुढे ठेवला.

“तोंड चालूच आहे तर हातही चालू दे,” म्हणाली.

तेव्हापासून माझा दरूदचा जप आणि बिया भाजणं एकत्र सुरू झालं. तसबीचे मणी सरकायचे आणि दुसऱ्या हाताने मी बिया हलवायची. आपल्याकडच्या कॉफीसारख्या काळ्या करायच्या नाहीत. गव्हाच्या रंगावर आल्या की उतरवायच्या. मग खलबत्त्यात भरड कुटून उकळायच्या, वेलची घालायची, जुम्म्याला चिमूटभर केशर. बियांना वास सुटला की माझी जीभ आपोआप भरभर चालायची, कच्च्या असल्या की सावकाश. तसबी संपायची आणि तवा उतरायचा.

पुढच्या वर्षी यांनी नोकरी सोडली आणि मासळीबाजाराजवळच्या गल्लीत छोटं दुकान घातलं. सासूबाईंच्या नावाने, हजरा कॅफेटेरिया. चहा, पराठा, अंडं सगळीकडे मिळत होतं. आमच्याकडे गहवा मिळायचा, तोही घरच्यासारखा. एकदा पैसे द्यायचे आणि फिंजान हलवेपर्यंत प्यायचा. मी घरी भाजून कुटून द्यायची, हे तिथं उकळायचे, आणि ओतायला खेडचा महमूद. महमूद कधी “और?” असं विचारायचा नाही. तो दल्ला घेऊन फिरत असायचा आणि रिकाम्या फिंजानाजवळ आपोआप पोचायचा. कुणाला घाई आहे, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाला आज गावचं पत्र आलंय, हे त्याला माणूस बसतो कसा यावरून कळायचं.

होडीवाले यायचे, बलुची हमाल यायचे, साताऱ्याकडचे ड्रायव्हर यायचे. ते सुरुवातीला ओरडायचे, “अहो इब्राहीमशेठ, एवढ्याशा चहानं मिशा तरी ओल्या व्हतील काय?” आणि पाचव्या फिंजानाला तेच गप्प व्हायचे.

आणि अबू रशीद यायचा, उम्म रशीदचा नवरा. तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारलेल्या, त्यामुळे डोळ्यांवर कायमचा पडदा आलेला. असरची नमाज झाली की भिंतीला हात लावत यायचा, दाराजवळच्या बाकावर बसायचा. महमूद त्याच्या तळहातात फिंजान ठेवायचा. तो आधी वास घ्यायचा आणि म्हणायचा, “ताहेराची तसबी आज नीट झाली.” हे येऊन मला सांगायचे. मला संकोच वाटायचा आणि बरंही वाटायचं.

मग उम्म रशीद आजारी पडली. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणावरून उठतच नव्हती. मी तिच्या पायाशी बसून यासीन वाचायची. एक दिवस तिने सुनेला, रुकैयाला, खूण केली आणि फडताळातली तिची जुनी दल्ला माझ्यापुढे ठेवायला लावली.

“माझी सून गहवा करते,” ती म्हणाली. “चांगला करते. पण अबू रशीद घरात बसला की मला शोधत राहील. तुमच्या दुकानात माणसं असतात. असरनंतर तो तिकडे येईल. त्याला असाच मिळू दे. आणि त्याला कुणी उठवू नये, बिंती.”

“माझ्यात जीव आहे तोवर,” मी म्हणाले. “इन्शाल्ला.”

तिने माझा हात धरून हलवला, फिंजान हलवतात तसा. पुरे, आता आणखी काही सांगायचं नाही, असा. त्याच आठवड्यात ती गेली.

*

माझा दीर रियाज एकोणऐंशीत आला. मुंबईहून बी.कॉम. झालेला, गोरा, हसरा, पायाला भिंगरी. यांच्याहून खूप लहान, म्हणून यांचा लाडका आणि माझाही. तो आला आणि दुकानात जसा वारा शिरला. दोह्यात तेव्हा रोज कुठं ना कुठं रस्ता होत होता, रोज नवी माणसं विमानातून उतरत होती. रियाज म्हणायचा, “भाय, एवढी माणसं उतरतायत, आणि आपण एका बोळात दल्ला धरून बसलोय!”

त्याचं खोटं नव्हतं. दुसरं दुकान जुन्या विमानतळाच्या बाजूला, अल हिलालमध्ये निघालं. तिसरं उम्म सलाल मोहम्मदला. मग कारखान्यांच्या भागात, मग दुखानच्या रस्त्यावर. प्रत्येक दुकान उघडलं की मी शुकराण्याचे दोन रकात पढायची. आम्ही अंगणातली खोली सोडून अल हिलालला फ्लॅटमध्ये आलो. एसी, टेलिफोन, आणि आमच्या लेकीच्या, अनीसाच्या इंग्लिश शाळेची बस दारात. मला वाईट वाटावं असं काही नव्हतं. दोन दुकानांपर्यंत बिया मीच भाजत होते. तिसऱ्याच्या वेळी हात दुखायला लागले.

तेव्हा रियाज माझ्या चुलीजवळ मोडा घेऊन बसला. हातात मनगटी घड्याळ.

“भाबी, तुम्ही तसबी चालू करा. मी टाइम घेतो. तेवढा टाइम मशीनला लावायचा. खलास.”

मी सुरू केली. त्याने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, दर वेळी वेगळंच निघालं.

“काय ओ भाबी, तुमच्या तसबीला ब्रेक हाय काय? कधी फास्ट, कधी स्लो!”

“बिया कधी दमट असतात, कधी वाळलेल्या,” मी म्हणाले. “त्यांच्याकडे बघूनच तोंड चालतं. मला तरी कुठं माहीत होतं? तू मोजलंस म्हणून कळलं.”

तो खदखदून हसला, मीही हसले. मग त्याने दोन्हीच्या मधला काटा धरला. सलवा रोडच्या गोदामात भाजायचं मोठं पिंप आलं, गॅसवर फिरणारं. त्याला तोच काटा लावून दिला. कधी बिया कच्च्या राहायच्या, कधी लागायच्या. कच्च्या दिसू नयेत म्हणून मग सगळ्याच जरा काळ्या करायला लागले. वेलचीही दळून पोत्यातून यायला लागली, तिचा वास अर्धा गोदामातच राहायचा. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “व्हय गो, मलाही वाटतंय. पण लोक पितायत ना?”

लोक पीत होते. तेही खरं होतं.

माझी तसबी चालूच राहिली. फक्त दुसऱ्या हाताला काही काम उरलं नाही.

माणसांचंही तसंच झालं. महमूदला अल हिलालच्या दुकानाचा मॅनेजर केला. तिथं शिकवून झालं की उम्म सलालला, तिथून दुखानला. एकटा महमूद किती ठिकाणी पुरणार? मंडणगड, बाणकोट, गुहागरकडून नवे लोक येत होते. चांगल्या घरचे, कष्टाळू, बिचारे पत्र लिहिताना रडणारे. आज विमानातून उतरले की उद्या त्यांच्या हातात दल्ला. फिंजान हलवला की काय समजायचं, हे त्यांना सांगितलं जायचं. पण दल्ला घेऊन फिरायला पाय मोकळे असावे लागतात. दारात गाड्या हॉर्न वाजवायच्या, कुणी पराठा मागायचं, कुणी डब्याच्या दुधाचा चहा. एकदा ओतलं की दुसऱ्यांदा कुणी फिरकायचंच नाही. गिऱ्हाईक रिकामा फिंजान हातात धरून बसून राहायचं. मग तक्रारी यायला लागल्या. पैसे घेता आणि चमचाभर गहवा देता?

एका शुक्रवारी जेवताना रियाजने तोडगा सांगितला.

“एकदाच भरून द्यायचा. काठोकाठ. कागदी ग्लास नाय, फिंजानच, पण फुल. गिऱ्हाईक खूश, आपला माणूस मोकळा.”

“हां,” हे म्हणाले. “आणि तसंही आपल्यात पाहुण्याला अर्धा कप कोण देतो? अम्मीने बघितलं असतं तर म्हणाली असती, माझ्या नावाच्या दुकानात ही कंजुषी?”

“रियाज,” मी म्हणाले, “कतरी माणसाला भरलेला फिंजान म्हणजे...”

“माहीत हाय भाबी, तुम्ही सांगितलेलं. पण कारखान्यांच्या भागात कोण बसतो? मलबारी, पाकिस्तानी, आपले. त्यांना अर्धा दिला तर त्यांचा अपमान होतो. दहातले नऊ तेच.”

“आणि दहावा?”

तो थांबला. त्याने खरंच विचार केला, हे मला आठवतं. “जुन्या दुकानात तो म्हातारा येतो ना तुमचा? त्याला पूर्वीसारखंच द्यायचं. मी स्वतः सांगतो तिथल्या माणसाला. झालं? जेवा आता.”

माझा आवाज मुळातच लहान. कुणी समजून घेतलं की तो आणखी लहान होतो. मी भात वाढला.

*

त्र्याऐंशीतला गुरुवार होता. अनीसाचा कान दुखत होता. डॉक्टरकडून परत येताना हे म्हणाले, “जुन्या दुकानात दोन मिनिटं काम हाय, गाडीतच बसा.” गाडी दुकानासमोर लावून ते मागच्या बाजूला सामान बघायला गेले. बायकांनी आत जायची रीत नव्हती. मी पुढच्या सीटवर बसून काचेतून बघत होते. दुकान आता रंगवलेलं होतं, वर विजेची पाटी. दाराजवळचा बाक मात्र तोच होता.

असर नुकतीच झाली होती. अबू रशीद भिंतीला हात लावत आला आणि बसला.

आतून फजल आला. मंडणगडचा, दोन लेकरांचा बाप, चार दिवसांपूर्वीच इथं बदलून आलेला. त्याने म्हाताऱ्याला बघितलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. घरच्या कुणाची तरी आठवण आली असेल. त्याने फिंजान घेतला आणि नीट लक्ष देऊन, जीभ दातात धरून, काठापर्यंत भरला. वर आणखी एक धार सोडली. मग म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन त्याच्या बोटांत दिला.

फिंजानाला कान नसतो. काठापासून खाली थोडी थंड जागा असते, तिथं धरायचं असतं. भरलेल्या फिंजानाला ती जागाच राहत नाही. अबू रशीदचा हात चटकन हलला, गहवा त्याच्या बोटांवरून मनगटावर आला. त्याने फिंजान टाकला नाही. चाचपडत बाकावर ठेवला. बोटं पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याला पुसली. मग एका बोटाने फिंजानाचा काठ शोधला आणि गहवा कुठवर आहे ते बघितलं.

आणि तो उठला.

मला काच खाली करायला हवी होती. मी हँडल फिरवलं, काच अर्ध्यावर अडकली. मी हाक मारली. काय हाक मारली ते आठवत नाही, पण समोर एक पिकअप हॉर्न वाजवत होता आणि माझा आवाज माझ्या नकाबाबाहेरही गेला नसेल. भर रस्त्यात, पुरुषांच्या गर्दीत, एका बाईने उतरून काय करायचं? अबू रशीदने खिशातून पैसे काढून बाकावर ठेवले. फजलला छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाला. शुक्रन म्हणाला असणार. मग भिंत धरून आला तसा निघाला.

“मम्मी,” अनीसा मागून म्हणाली, “व्हाय इज ही गोइंग? ही डिडन्ट ड्रिंक इट.”

“त्यांना बसायचं होतं, बाळा,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

फजलने मला ओळखलं आणि धावत आला. त्याच्या हातात दुसरा फिंजान होता.

“सलाम भाबी! घ्या. तुमचाच गहवा तुम्हाला. बघा, पुरा भरलाय.”

माझा रोजा होता. तरी तो मी हातात घेतला. नाही कशी म्हणू? त्याची बोटं लाल झाली होती आणि तो हसत होता.

“तो बाबा न पिताच गेला बघा,” तो म्हणाला. “पैसे टाकून गेला वर. मी कमी भरला असता तर काय तरी चुकला म्हटलं असतं.”

“तुला कुणी सांगितलं नव्हतं का, त्यांच्याबद्दल?”

“कुणाबद्दल?”

हे येईपर्यंत मी फिंजान हातात धरून बसले. गाडी सुरू झाली तेव्हा सगळा गहवा माझ्या अबायावर सांडला.

*

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. पूर्वी महमूद नसायचा तेव्हा यांनीही अबू रशीदला ओतलेलं होतं. मग फोनवर रियाजशी बोलणं झालं. तिकडून त्याचा आवाज मला ऐकू येत होता, रडवेला.

“भाय, मी सांगितलं होतं. कसम. स्वतः जाऊन सांगितलं. पण ज्याला सांगितलं त्याला पहिल्या तारखेला दुखानला पाठवला. त्याच्या जागी हा आला. मी कुणाकुणाला सांगू?”

दुसऱ्या दिवशी जुम्म्यानंतर हे अबू रशीदच्या घरी गेले. माफी मागायला. परत आले ते टोपी काढून पलंगावर बसले.

“रागावलाय?” मी विचारलं.

“रागावला असता तर बरं झालं असतं गो. मला शेजारी बसवलं, खजूर दिला. हाताला पट्टी होती. म्हणाला, इब्राहीम, तुझं दुकान मोठं झालं, अल्लाने बरकत दिली. नवीन माणसांना जागा लागणार. तुझ्या माणसाने ऊठ म्हटलं, मी उठलो. यात माफी कसली?”

“तुम्ही सांगितलं नाही, त्याला ठाऊक नव्हतं म्हणून?”

“सांगितलं. म्हटलं, बाबा, त्या बिचाऱ्याला अर्थ माहीत नाय, आमच्यात भरून देणं म्हणजे मान. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, मग तुझ्या दुकानात ज्याला माहीत आहे असा कोण आहे?”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हटलं, मी आहे. तर म्हणाला, तू तिथं कधी असतोस?”

हे हसले, पण ते हसणं नव्हतं.

आम्ही काही केलं नाही असं नाही. महमूदला परत जुन्या दुकानात आणायचं ठरलं. महमूद दुखानहून फोनवर म्हणाला, “इथं आठ जण नवे हायत, मी आलो तर कुलूप लावा.” मग हे स्वतः रोज असरनंतर जुन्या दुकानात बसायचे म्हणाले. तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी उम्म सलालला पाणी बंद झालं, पाचव्या दिवशी नव्या दुकानाच्या कागदांसाठी कफीलकडे, आमच्या कतरी जामीनदाराकडे जावं लागलं. आणि अबू रशीद त्या तीन दिवसांत आलाच नव्हता. पाठ दुखतेय, असा रुकैयाचा निरोप आला.

नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मीही गेले. बायकांसाठी मागे खुर्च्या मांडल्या होत्या. रियाजने स्वतः माझ्यासाठी गहवा आणला. सोमवार-गुरुवार नव्हता, म्हणून मी प्याले. वाईट नव्हता. गरम होता, काठोकाठ होता, आणि दुसऱ्या कुठल्याही दुकानातला असता तरी चालला असता.

“कसा झालाय, भाबी?” त्याने विचारलं. लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. हाच मुलगा पहिल्या वर्षी माझ्या चुलीपाशी बसून वेलची सोलायचा.

“अल्ला बरकत देवो,” मी म्हणाले.

“खरं सांगा ना.”

“रियाज, मी तुला काय सांगू? तुझ्या हातात आहे का आता?”

त्याने बाहेर बघितलं. दारात गर्दी होती, गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तीन पोरं दल्ला घेऊन पळत होती, बसलेल्यांत ओळखीचं एकही तोंड नव्हतं. “नाय भाबी,” तो हळूच म्हणाला. “थांबवू म्हटलं तरी थांबत नाय आता.” मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो “यल्ला, यल्ला” करत गेला.

त्यानंतर मी दुकानांबद्दल कुणालाही काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं उरलं नव्हतं. फजलचं चुकलं होतं का? त्याने मनापासून भरला होता. रियाजचं? यांचं? जो तो आपल्या परीने देतच होता. नमाजेत मात्र माझं मन लागेना. सलाम फेरला की डोळ्यांपुढे तो हात यायचा, काठ शोधणारं ते एक बोट. मी कुणाला तरी जबान दिली होती आणि ती आता सहा दुकानांत वाटली गेली होती, तिच्यातली एक घोटभरही कुठं सापडत नव्हती.

*

रमजान संपून ईदही झाली. एका मंगळवारी फजरनंतर मी यासीन वाचून उठले आणि स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढली. उम्म रशीदची दल्ला आत कापडात गुंडाळलेली होती. चिंच लावून घासली तेव्हा चोचीजवळचा तिचा जुना पोचा दिसायला लागला.

हिरव्या बिया मी आदल्या दिवशीच अनीसाच्या बसवाल्याकडून बाजारातून मागवल्या होत्या. दुपारी तवा ठेवला, तसबी घेतली. इतक्या दिवसांनी हात चालेल की नाही अशी भीती होती. पहिल्यांदा बिया लागल्या. त्या टाकून दिल्या आणि दुसऱ्या घेतल्या. बिस्मिल्ला म्हटलं. मणी सरकायला लागले. वास सुटला तशी जीभ भरभर चालायला लागली, आणि मला कळलं की आता उतरवायला हवं.

त्या वासाने हे झोपेतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. खलबत्त्याचा आवाज ऐकत उभे राहिले. मी वेलची सोलून घातली, उकळी येऊ दिली, गहवा दल्लेत गाळला आणि चोचीत काथ्याची बोंडी बसवली.

“मी येऊ?” शेवटी ते म्हणाले.

“गल्लीच्या तोंडापर्यंत या. आत नको.”

“तो घेणार नाय कदाचित.”

“नाही घेतला तर परत आणीन.”

“एका म्हाताऱ्याला एक दिवस गहवा दिलास म्हणून काय होणार गो? दुकानात तर तेच चालू राहणार.”

“हो,” मी म्हणाले. “चालू राहणार.”

त्यांनी गाडीची किल्ली घेतली. मी नकाब बांधला, दल्ला टॉवेलात गुंडाळली, दोन फिंजान रुमालात बांधून घेतले. रस्त्याने आमचंच दुकान लागलं. बाकावर दोन अनोळखी माणसं बसलेली, बाहेर गाड्यांची रांग. यांनी गाडीचा वेग कमी केला, मग तशीच पुढे घेतली.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. मशिदीत असर संपत होती, शेवटच्या रांगेतली माणसं चपला शोधत होती. माझ्या मांडीवर दल्लेची ऊब होती. मी दार उघडलं, दल्ला डाव्या हातात घेतली आणि उम्म रशीदच्या दाराकडे चालायला लागले.